ट्रेकचा पैसा डोंगरातल्या वस्तीतच राहावा म्हणून व्यवस्था कशी लावावी?

पाऊलवाट:
३१०० मीटर उंचीवर बावीस घरांची वस्ती आहे. तिथून ४२०० मीटरवरच्या खिंडीपर्यंत चार दिवसांचा ट्रेक चालतो. कंपन्या तंबू, शिधा, स्वयंपाकी, गाइड सगळं खालून आणतात. गावाच्या वाट्याला हमाली आणि मागे उरलेला कचरा. आता ट्रेक गावानेच चालवायचं ठरतंय. आधी खोल्या बांधाव्यात की तरुणांना गाइड म्हणून तयार करावं? एका वेळी पाहुणे किती घ्यावेत?

खिंडकरी:
दोन्हीच्या आधी पाणी मोजा. झरा सर्वात आटलेला असतो त्या आठवड्यात त्याखाली १० लिटरची बादली धरा. १०० सेकंदांत भरली तर दिवसाला ८,६४० लिटर झाले, पण रात्रीचं पाणी साठवायला टाकी असेल तरच. त्यातून माणसं, गुरं आणि शेतीचं पाणी आधी बाजूला काढा, उरलेल्याला ५० ने भागा. पाहुण्यांची कमाल संख्या तीच. माणशी ५० लिटर हे कोरडा संडास आणि बादलीभर आंघोळ धरून. फ्लश आणि शॉवर आले की हा हिशेब कोलमडतो.

नव्या इमारती नकोतच. राहत्या घरातली एक खोली, दोन ते चार अंथरुणं पुरे. कर्ज काढून बांधणारा हप्ता फेडायला दर पाडतो, मग शेजाऱ्यालाही पाडावे लागतात. दर सगळ्यांचा एकच, बुकिंग एकाच वहीत आणि घरं पाळीने. लडाखमध्ये हिमबिबट्याच्या संवर्धनातून उभ्या राहिलेल्या होमस्टेंनी ही पाळी वापरली आहे. ज्यांच्याकडे द्यायला खोली नाही, त्यांना खेचरं, भाजीपाला, वाटेची डागडुजी यांतून काम ठरवून द्या. नाहीतर गावात फूट पडते.

दोरगाठ:
चार दिवस हेच मुळात चुकीचं आहे. ३००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक विश्रांतीचा दिवस हवा. गाडीने थेट ३१०० ला आलेल्यांना गावात निदान दोन रात्री ठेवा. खालून ट्रेक विकणारे नेमक्या याच रात्री कापतात. त्या ठेवल्या तर पाहुणा सुरक्षित राहतो आणि मुक्कामाचे पैसेही गावातच पडतात.

गाइडला निदान एवढं आलंच पाहिजे: डोकेदुखीबरोबर मळमळ असेल तर आणखी वर न्यायचं नाही. एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं टेकवत सरळ रेषेत चालताना तोल जात असेल तर लगेच, रात्र असली तरी, खाली उतरवायचं.

ओझं निघतानाच पाहुण्यांसमोर काट्यावर तोला. किलिमांजारोवर हमालाला २० किलोची मर्यादा आहे, तीच धरा. गडबड होते ती दुसऱ्या दिवशी. एखादा हमाल आजारी पडून परततो आणि त्याचं ओझं बाकीच्यांच्या पाठीवर चढतं. म्हणून एक माणूस जास्तीचा न्या.

पाऊलवाट:
मनापासून आभार. दोन अडचणी आहेत. दोन घरं पाळीला तयार नाहीत, कारण पाहुणे त्यांनाच नावाने विचारतात. आणि वरच्या मुक्कामाला संडासाचं काय?

खिंडकरी:
नावाने मागितलं तर देऊ द्या, पण त्या घराची पुढची पाळी तेवढ्याने मागे ढकला. वही दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचा. भांडण बहुतेकदा पैशापेक्षा न दिसणाऱ्या हिशेबावरून होतं.

दोरगाठ:
वर थंडीमुळे खड्ड्यातलं कुजत नाही, वर्षानुवर्षं तसंच राहतं. दोन कप्प्यांचा कोरडा संडास बांधा, पाण्यापासून किमान ६० मीटर लांब. लघवी वेगळी काढा, प्रत्येक वेळी वरून राख किंवा कोरडी माती टाका. एक कप्पा भरला की बंद करून दुसरा उघडायचा. पाणी ओतलं किंवा ओले वाइप्स टाकले की तो बिघडलाच, म्हणून वाइप्स खाली नेण्याची पिशवी गावातूनच प्रत्येकाच्या हातात द्या आणि परतताना मोजून घ्या.