थोरियम हेक्साबोराइड 'षट्कोणी' नव्हे

कुडाळ: एमएस्सीच्या टिपणांत 'थोरियम हेक्साबोराइड'ला (थोरियम आणि बोरॉनच्या एका संयुगाला) कुणी 'षट्कोणी थोरियम बोराइड' लिहिलंय. चालेल का? आणि 'लॅटिस'ला, म्हणजे स्फटिकातल्या पुनरावृत्त बिंदूंच्या रचनेला, जालक म्हणावं की जाळं?

रत्नागिरी: नाही चालणार, सर, अर्थच बदलतो. इथला 'हेक्सा' अणूंची मोजणी सांगतो: एका थोरियमला सहा बोरॉन. स्फटिक मात्र घनीय आहे. घनाच्या कोपऱ्यांवर बोरॉनचे अष्टफलक (सहा अणूंचे, आठ पृष्ठांचे आकार), मधोमध थोरियम, घनाची कड सुमारे ४.११ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग). क्ष-किरण आलेख षट्कोणी समजून सोडवायला बसलात तर शिखरं जुळणारच नाहीत. खरं षट्कोणी आहे ते युरेनियम डायबोराइड (एका युरेनियमला दोन बोरॉन): ग्राफाइटसारखे बोरॉनचे सपाट थर आणि त्यांच्यामध्ये युरेनियमचे, थरातली कड (ए) ३.१३, उभी कड (सी) ३.९९ अँगस्ट्रॉम. टेट्राबोराइडं (एका धातूला चार बोरॉन) चतुष्कोणी असतात हा निव्वळ योगायोग, पण मुलं त्यालाच नियम धरून चालतात.

जालक हाच शब्द बरा. रापणीचं (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं) जाळं ओढलं की आकार बदलतं. जालकाची बिंदुरचना ठरलेली असते.

मालवण: रत्नागिरीच्या मॅडमचं पटलं, त्यात एक भर. 'जालक' आणि 'सांगाडा' वेगळे ठेवा. जालक म्हणजे पुनरावृत्तीचे बिंदू. सांगाडा म्हणजे एकमेकांना घट्ट बांधलेले बोरॉन, आणि खरं काम तोच करतो. तो ताठ असल्यामुळे धातूचा अणू त्याच्या पोकळीत बसायला हवा. थोरियम मोठा: साध्या दाबाला त्याची टेट्रा आणि हेक्साबोराइडं मिळतात. युरेनियम लहान: त्याची डाय, टेट्रा आणि डोडेकाबोराइडं (एका युरेनियमला बारा बोरॉन). डोडेकात युरेनियमभोवती २४ बोरॉनचा पिंजरा असतो, आणि तोही स्फटिक घनीयच.

कुडाळ: 'षड्बोराइड' केलं तर?

मालवण: संधी शुद्ध आहे, पण मग डोडेकाला 'द्वादशबोराइड' करावं लागेल आणि प्रयोगशाळेत ते कुणी म्हणणार नाही. 'घनीय हेक्साबोराइड' लिहा, मोजणी आणि आकार दोन्ही कळतात.

रत्नागिरी: 'मिश्रण' हा शब्दही जपून वापरा. डायबोराइड करताना २ मोल युरेनियम डायऑक्साइड, १ मोल बोरॉन कार्बाइड आणि ३ मोल कार्बन निर्वातात तापवतात. ४ मोल कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. हिशेब कागदावर बरोबर असला तरी काही बोरॉन ऑक्साइड होऊन उडून जातो, म्हणून बोरॉन कार्बाइड थोडं जास्त घालावं लागतं. फार जास्त झालं तर टेट्राबोराइड उरतं, कमी पडलं तर ऑक्साइड किंवा बोरोकार्बाइड. अशा मालाला 'मिश्र प्रावस्था' (एकाहून जास्त वेगवेगळ्या घन पदार्थांचा माल) म्हणावं. 'अशुद्ध संयुग' म्हटलं तर चूक कुठल्या बाजूला झाली तेच कळत नाही.

अणुइंधनाचा विषय असेल तर नुसतं 'बोरॉन' लिहून भागत नाही. नैसर्गिक बोरॉनचा सुमारे २० टक्के भाग बोरॉन-१०, तो न्यूट्रॉन गिळतो. इंधनासाठी बोरॉन-११ हवा.

आणि टिपणात आपल्या पुळणीतल्या काळ्या वाळूला 'थोरियमची वाळू' म्हटलं असेल तर तेही खोडा. रत्नागिरीकडची ती मुख्यतः इल्मेनाइटची. थोरियम देणारं मोनाझाइट भरपूर आहे ते केरळच्या किनाऱ्यावर.