नवोदित चित्रकारांसाठी वर्षाला दीड लाख रुपये: ते नेमके कशावर खर्च करावेत?

पळसबन (नागपूर):
नमस्कार. आम्ही सहा निवृत्त सहकारी दरवर्षी प्रत्येकी 25,000 रुपये, म्हणजे एकूण दीड लाख रुपये, विदर्भातील तरुण चित्रकार-शिल्पकारांसाठी देणार आहोत. ज्यांच्या घरात यापूर्वी कोणी कलाशिक्षण घेतलेले नाही, अशांना प्राधान्य द्यावे असा आमचा विचार आहे. प्रसिद्ध चित्रकार सय्यद हैदर रझा यांनी चित्रकलेचे शिक्षण प्रथम नागपूरच्या कलाशाळेत घेतले आणि 1943 च्या सुमारास ते पुढील शिक्षणासाठी मुंबईला गेले. आज इतक्या वर्षांनंतरही इकडच्या मुलांपुढे मुंबईवाचून दुसरी वाट दिसत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. आमच्यापुढे तीन पर्याय आहेत: मुंबईत एकाचे प्रदर्शन भरवावे, दरवर्षी काही चित्रे विकत घ्यावीत, किंवा समारंभपूर्वक पुरस्कार द्यावा. या क्षेत्रातील मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

कोळसाखडी (चंद्रपूर):
सर, मी स्वतः चित्रकार आहे. जी. डी. आर्ट ही कलेची शासकीय पदविका झाल्यावर आठ वर्षे मी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांसाठी शिकवून घर चालवले आणि रात्री उरलेल्या वेळात चित्रे काढली, म्हणून अनुभवावरून लिहितो. मुंबईतील प्रदर्शनासाठी ही रक्कम घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दालनाचे भाडे हा त्या खर्चाचा केवळ एक भाग असतो. चौकटी, चित्रे खोक्यांत बांधून पाठवणे, छापील पुस्तिका आणि आठवडाभर मुंबईत राहणे-जेवणे एवढे धरले तर आपली वर्षाची सगळी रक्कम सात दिवसांत संपेल. जहांगीर कलादालनात तर तारखेसाठीच काही वर्षे थांबावे लागते.

आम्हाला खरी वाण असते ती सलग वेळेची. मोठ्या आकाराचे चित्र दिवसाआड दोन तास देऊन उभे राहत नाही; मन त्यात बसेपर्यंत शिकवणीची वेळ होते. आपल्या रकमेतून एका व्यक्तीला सहा महिने दरमहा 15,000 रुपये दिले तर 90,000 होतात. राहिलेल्या 60,000 पैकी निम्मे साहित्यासाठी आणि निम्मे चांगल्या छायाचित्रणासाठी व प्रवासासाठी ठेवावेत. छायाचित्रणाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पाठ्यवृत्ती असो की निवासी कार्यशाळा, अर्जाची पहिली चाळणी छायाचित्रांवरच होते, आणि मोबाइलवर घाईने काढलेल्या वाकड्या, पिवळट छायाचित्रांमुळे उत्तम काम मागे पडलेले मी पाहिले आहे.

आमच्याच जिल्ह्यातील सास्तीचे प्रभाकर पाचपुते यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या घराण्याचा कोळसा खाणींशी तीन पिढ्यांचा संबंध आहे. खैरागड आणि बडोदा येथे शिल्पकला शिकून ते मुंबईला आले, आणि 2012 मध्ये क्लार्क हाऊस इनिशिएटिव्ह या छोट्या, प्रयोगशील जागेत त्यांचे एकल प्रदर्शन झाले. तेथे त्यांनी थेट भिंतींवर कोळशाने चित्रे काढली. भिंतीवरचे चित्र कोणी विकत घेऊन घरी नेऊ शकत नाही, त्यामुळे विक्रीचा हिशेब आधी मांडणाऱ्या दालनाला असे प्रदर्शन परवडणे कठीणच होते. पुढे 2021 मध्ये वेल्समधील आर्टेस मुंडी हे पारितोषिक सहा कलावंतांना मिळून देण्यात आले, त्यांत पाचपुते होते. सुरुवातीच्या काळात विक्रीची अट न घालता जागा देणारे कोणी भेटणे किती मोलाचे असते, हे आम्ही चंद्रपूरकर यावरून शिकलो.

पुरस्काराबद्दल एवढेच सांगतो की शाल, श्रीफळ आणि सभागृह यांवर होणारा खर्च कृपया रंगांवर करावा.

रेघोटी (ठाणे):
वरील मताशी सहमत आहे, पण निवड कशी करणार याचा विचार आधी व्हायला हवा. मी कलाशिक्षिका आहे. अनेक पाठ्यवृत्त्यांचे अर्ज इंग्रजीत असतात, त्यांत स्वतःच्या कामाविषयी दीड-दोन पाने लिहावी लागतात, आणि वयाची अट बहुधा पस्तिशीच्या आतबाहेर असते. या तीन गोष्टींनी नेमकी तीच माणसे गळतात, ज्यांच्यासाठी आपण हा उपक्रम करू पाहता. माझ्या वर्गातील सर्वात ताकदीच्या दोन मुली लग्नानंतर दहा-बारा वर्षांनी पुन्हा कामाला लागल्या, तेव्हा त्या कोणत्याही व्याख्येने ‘नवोदित’ उरल्या नव्हत्या. त्यामुळे वयाऐवजी ‘आजवर एकही एकल प्रदर्शन झालेले नाही’ ही अट ठेवावी. अर्ज मराठीत किंवा बोलून, ध्वनिमुद्रणाद्वारेही स्वीकारावा, आणि आपल्यापैकी दोघांनी प्रत्यक्ष जाऊन काम पाहावे.

दुसरी गोष्ट आदिवासी कलावंतांची. वारली घरांत लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचे लग्नचित्र, सुवासिनी लिहितात. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या परिसरात गेले, ते कागद आणि रंग घेऊन. पुढे जिव्या सोमा म्हसे यांच्या हातून त्या कागदांवर जे उतरले ते जगाने पाहिले. 2003 मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे म्हसे यांचे काम रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताच्या कामासोबत मांडले गेले, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही आपल्याकडे वारली किंवा गोंड तरुणाच्या कामाला अजून ‘हस्तकला’ म्हणून वेगळ्या टेबलावर बसवतात, त्याच्याकडून पिशव्या आणि बशा रंगवून घेतात, आणि त्याने आजच्या विषयावर काही मांडले की ते ‘अस्सल नाही’ म्हणतात. मला हे अन्यायाचे वाटते. गडचिरोलीचा किंवा मेळघाटचा कोणी अर्ज करील, तेव्हा त्याचे काम समकालीन कला म्हणूनच पाहावे, अशी आपणास कळकळीची विनंती आहे.

कागदपत्री (पुणे):
मी कलावंतांच्या करारांचे काम पाहतो. रेघोटीताईंनी निवडीचे सांगितले, मी कागदपत्रांपुरते लिहितो. कॉपीराइट हक्कांबाबत आपल्या तरुणांना फारशी माहिती नसते, म्हणून सहा महिन्यांत एक दिवस त्यासाठी ठेवावा. चित्र विकले म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही. तो देण्यासाठी स्वतंत्र लेखी करार लागतो. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 57 नुसार कृतीचे विद्रूपीकरण झाल्यास, कॉपीराइट दुसऱ्याकडे गेल्यावरही, कर्त्याला दाद मागता येते. विज्ञान भवनातील आपले ब्राँझचे भित्तिशिल्प काढून नीट न ठेवल्याबद्दल अमरनाथ सेहगल यांनी सरकारविरुद्ध लढा दिला, आणि 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते शिल्प त्यांना परत करण्याचा व पाच लाख रुपये भरपाईचा आदेश दिला. कलम 53अ नुसार मूळ चित्राची 10,000 रुपयांहून अधिक किमतीला पुनर्विक्री झाल्यास चित्रकाराला वाटा मिळण्याची तरतूदही आहे, पण चित्र कोणाकडे गेले याची नोंदच नसेल तर वाटा मागणार कोणाकडे? प्रत्येक चित्राचे नाव, माप, माध्यम, वर्ष आणि ते सध्या कोठे आहे, याची वही ठेवण्याची सवय लावावी.

कोळसाखडी (चंद्रपूर):
या वहीअभावी मी हात पोळून घेतले आहेत. एका दालनाला सात चित्रे पावतीविना दिली. दीड वर्षाने पाच परत आली, आणि उरलेल्या दोहोंचे काय झाले हे मला आजही ठाऊक नाही.

पळसबन (नागपूर):
सर्वांचे मनापासून आभार. काल आमची बैठक झाली. समारंभ रद्द केला असून पहिल्या वर्षी एकाच व्यक्तीला सहा महिने मानधन द्यायचे ठरले आहे. अर्ज मराठीत असेल आणि वयाची अट नसेल. एक प्रश्न मात्र उरला. आमच्यातील दोघांचे म्हणणे असे की सहा महिन्यांनंतर कलावंताने एक चित्र आम्हास भेट द्यावे. हे योग्य ठरेल का?

रेघोटी (ठाणे):
भेट म्हणून घेऊ नये, सर. मानधन हे वेळेसाठी आहे. चित्र आवडले तर त्यांनी सांगितलेली किंमत देऊन घ्यावे आणि विक्रीची पावती करावी. पहिल्या विक्रीचा तो कागद त्यांना पुढच्या प्रत्येक दालनात आपली किंमत सांगताना उपयोगी पडेल.