नागपुरात ऐन मे महिन्यात पाडकाम: मजुरांना उन्हापासून कसं सांभाळायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. नागपुरात एका जुन्या तीन मजली इमारतीच्या पाडकामावर मी सुपरवायझर आहे. पावसाळ्याआधी प्लॉट मोकळा करून द्यायचाय. सतरा माणसं आहेत, त्यात पाच बाया. बहुतेक जण छत्तीसगडचे.

गेल्या मंगळवारी दुपारी एकच्या सुमारास गच्चीच्या स्लॅबवर घण मारणारा एक पोरगा काहीबाही बरळायला लागला. आधी वाटलं मस्करी करतोय. मग तोल गेला. अंग भट्टीसारखं, पण घाम वाहत होता, म्हणून मुकादम म्हणाला, "लू (उष्माघात) लागली असती तर अंग कोरडं पडलं असतं." हा समज चुकीचा निघाला. मेहनत करताना लू लागली तर घाम चालू राहू शकतो. बरळणं, भोवंडणं दिसलं की वाट पाहायची नाही, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं. १०८ ला फोन केला आणि गाडी येईपर्यंत धूळ दाबायच्या पाइपनेच त्याला सावलीत भिजवत राहिलो, पुठ्ठ्याने वारा घातला. शुद्ध नीट नव्हती, म्हणून तोंडात पाणी ओतू दिलं नाही. पोरगा वाचला. कामावर येऊन त्याला तीनच दिवस झाले होते, आणि मी पहिल्याच दिवशी त्याच्या हाती घण दिला होता. ही चूक माझी.

तेव्हापासून नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम, मग रोज थोडं वाढवत न्यायचं, असं ठरवलंय. उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. दर वीस मिनिटांनी ग्लासभर पाणी, माठाजवळ लिंबू-मीठ-साखर ठेवलीय.

बाया मात्र पाणी पीतच नव्हत्या. दोन दिवस ओरडलो, मग त्यातल्या एकीनेच सांगितलं, "साहेब, जायचं कुठं?" नळाच्या आणि भंगाराच्या लोभात आम्ही खालचा संडास पहिल्याच दिवशी तोडला होता. आता शेजारच्या रिकाम्या घराचा संडास मागून घेतलाय. पुढच्या साइटवर संडास सगळ्यात शेवटी पाडायचा. पाडकाम करणाऱ्या प्रत्येकाने एवढं तरी करावं, ही विनंती.

आता अडचणी. बांधकामात माणूस हळूहळू स्लॅबखाली, सावलीत जातो. आम्ही वरून खाली उतरतो, त्यामुळे सगळ्यात आधी डोक्यावरचं छतच काढतो. खाली तापलेलं काँक्रीट, वर सूर्य, उघडी पडलेली सळई हातात धरवत नाही. बांबूवर ग्रीन नेट बांधली, पण काम सरकलं की ती सोडून पुन्हा बांधायला अर्धा तास जातो. सरकवता येईल अशी सावली कुणी केली आहे का? लोखंडी मचाणाला चाकं लावून?

दुसरं, वेळ. बारा ते साडेचार काम बंद ठेवायचं म्हटलं तर पहाटे लवकर सुरू करावं लागतं. पण सकाळी सहाच्या आत ब्रेकर (काँक्रीट फोडायचं मशीन) लावता येत नाही, तो नियम बरोबरच आहे आणि शेजारी म्हातारी माणसंही आहेत. पहाटे आवाज न करता कुठली कामं उरकता? आम्ही मलबा गोण्यांत भरणं, सळई वेगळी करणं एवढंच करतो.

तिसरं, मास्क. काँक्रीटच्या बारीक धुळीला गमछा पुरत नाही हे मला ठाऊक आहे, पण एन ९५ लावून ४४ अंशात माणूस अर्ध्या तासात काढून फेकतो. पाणी मारत ब्रेकर चालवल्याने धूळ कमी होते. आणखी काही उपाय?

आणि सगळ्यात मोठं: काम उक्तं आहे. चौरस फुटाच्या दराने पैसे. मी "बसा" म्हटलं तरी कुणी बसत नाही, कारण बसलेल्या वेळेचा रुपया मिळत नाही. सावली केली, माठ भरले, तरी माणूस तापल्या स्लॅबवरच उभा. मालकाला मी म्हटलं, मे महिन्यापुरती रोजी करा आणि दुपारचे तास त्यात धरा. तो म्हणतो, काम लांबेल. ज्यांनी उक्त्या कामात दुपारच्या सुट्टीचे पैसे बसवलेत, त्यांनी दर कसा ठरवला, मालकाला कसं पटवलं, हे सविस्तर सांगा. सोमवारी दुसऱ्या मजल्याचा स्लॅब घेतोय, त्याआधी बोलणी करायची आहेत.