उत्तर: काकांचा डावा डोळा वटारल्यासारखा दिसतो

अमळनेरच्या ताईंनी वर लिहिलंय की काकांची उजवी पापणी खाली आलीये, पण घरचे सगळे वटारल्यासारख्या दिसणाऱ्या डाव्या डोळ्यालाच दोष देताहेत, त्यासाठी थायरॉइडची तपासणीही करून झालीये. माझ्या मते डावा डोळा बहुधा निर्दोष आहे.

दोन्ही पापण्या उचलणाऱ्या स्नायूंना मेंदूतल्या एकाच केंद्रातून हुकूम सुटतो, आणि तोही सारख्याच जोराचा. एका बैलाला टोचलं तरी जोडीच पळते, तसं. उजवी उचलायला मेंदू जास्त जोर लावतो, तो डावीलाही मिळतो आणि ती गरजेपेक्षा वर जाते. याला हेरिंगचा नियम म्हणतात. मुळात तो डोळ्यांच्या हालचालींसाठी मांडलेला, पण पापण्यांनाही लागू पडतो.

काकांना समोर बघायला सांगा, उजवी पापणी बोटाने हलकेच वर धरा. डावी खाली उतरली, तर गुपित कळलं! ऑपरेशनआधी डॉक्टर हेच बघतात, कारण एक बाजू उचलल्यावर कधीकधी दुसरी लोंबते आणि पेशंट म्हणतो, 'माझा चांगला डोळा बिघडवला.'

थायरॉइडची तपासणी मात्र वाया गेली नाही. त्या आजारात पापणी खरोखरच वर ओढली जाते.

सकाळी बरं आणि संध्याकाळी पापणी जड, एकाचे दोन दिसणं, असं असेल तर मायस्थेनियाची (स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची) शंका डॉक्टरांना बोलून दाखवा. पापणी आधी कशी होती ते कळायला लग्नातला जुना फोटोही सोबत न्या. पण पापणी अचानक पडली असेल, डोकं भयंकर दुखत असेल किंवा बाहुल्या लहानमोठ्या दिसत असतील, तर थांबू नका, त्याच दिवशी जळगाव किंवा धुळे गाठा.