शब्दचर्चा: ‘स्टुअर्ड’ म्हणजे कारभारी? आणि ‘लिव्हरी’चं काय करायचं?

पिटलेनचा पाहुणा
मंडळी, दोन शब्दांवर गाडी अडलीय. आमच्या रेसवेड्या टोळीचा दिवाळीला एक छोटा अंक निघतो. त्यात मी फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या मोटार शर्यतीवर लिहितोय. २०२४ च्या शर्यतीत ५१ नंबरच्या फेरारीनं वळणावर ८ नंबरच्या टोयोटाला धक्का दिला, टोयोटा गर्रकन फिरली, आणि स्टुअर्ड्सनी, म्हणजे कोणी नियम मोडला की निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांनी, फेरारीला ५ सेकंद लावले. मी लिहिलं, ‘कारभाऱ्यांनी फेरारीला पाच सेकंदांची शिक्षा दिली.’ घरात मोठ्यानं वाचून दाखवलं तर आई आणि बायको दोघी इतक्या हसल्या की चहा सांडला. बायको म्हणते, “आमच्या कारभाऱ्यांनी मला तरी कधी पाच सेकंद दिलेत?”
आता तो शब्द माझ्याच हातून खोडला जातोय. दुसरा शब्द ‘लिव्हरी’, म्हणजे रेसगाडीवरची रंगांची आणि पट्ट्यांची सजावट. त्याला मी ‘गणवेश’ लिहिलंय आणि मलाच ते शाळेसारखं वाटतंय. सुचवा.

निवृत्त मास्तर
‘कारभारी’त हसण्यासारखं काय आहे? नवऱ्याला कारभारी म्हणायची पद्धत नंतरची, अधिकारपद आधीचं. बारभाईंचा कारभार शाळेत शिकलात ना? आणि ‘स्टुअर्ड’चा जुना इंग्रजी अर्थ पाहिलात तर ‘घर राखणारा’ असाच आहे. धन्याच्या वतीनं घर सांभाळणारा तो कारभारी. इतका चपखल शब्द हाताशी असताना सोडू नका. लोक चार दिवस हसतील आणि पाचव्या दिवशी वापरतील. ‘महापौर’लाही हसलेच असतील.

दर्यावर्दी
मास्तर, आमच्या मामांनी बोटीवर स्टुअर्ड म्हणून अठरा वर्षं काढली. कॅप्टनच्या केबिनमध्ये चहा नेणे, चादरी बदलणे, कोठीचा हिशोब ठेवणे. त्यांना कोणी कारभारी म्हटलं असतं तर खूश झाले असते, पण फेरारीला शिक्षा देण्याचं काम त्यांच्याकडे नव्हतं. एकाच शब्दाच्या पोटात वाढपी आणि न्यायाधीश दोघे बसलेत, ही इंग्रजीची अडचण. आपण ती घरात का आणायची?

उद्यमनगर ३२
पंच म्हणा की राव. खासबागच्या कुस्ती मैदानाच्या कोल्हापुरात बसून पंचाला शब्द शोधताय व्हय? १९१२ पासून मैदान उभं हाय.

पिटलेनचा पाहुणा
दादा, पहिल्यांदा ‘पंच’च मनात आलं होतं. पण पंच मैदानात उभा असतो, पैलवानांच्या अंगाला खेटून. त्याला पाठ टेकलेली दिसते आणि तो तिथंच शिट्टी मारतो. स्टुअर्ड खोलीत बसतो. फुटेज मागेपुढे करून बघतो, गाडीतला डेटा मागवतो, लागलं तर दोन्ही टीमना बोलावून ऐकून घेतो आणि मग कागद काढतो. पिवळा झेंडा, सेफ्टी कार, शर्यत थांबवणं हे रेस डायरेक्टरचं खातं. तो ‘हे बघा जरा’ म्हणून प्रकरण स्टुअर्डकडे पाठवतो. दोघांनाही ‘पंच’ म्हटलं तर वाचक गोंधळणार.

कागलचा बेंदूर
आमच्याकडं बैलगाडी शर्यतीत झेंडापंच येगळा आन पंच कमिटी येगळी. झेंडापंच झेंडा टाकतो, त्याचं काम सपलं. गाडी फाटीतनं भाईर गेली, कुणी आडवं आलं, वाद झाला, मग कमिटी बसती. हँडबिलावर खाली छापल्यालं असतंय बगा, कमिटीचा निर्णय अंतिम राहील. मधी बंदी हुती, २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परत परवानगी दिली, तवापास्नं हँडबिलं परत भिताडाला लागली.

कडकलक्ष्मी
बाकी ते राहू दे. ‘लिव्हरी’ला ‘गणवेश’ मात्र नको हां. डोळ्यापुढं खाकी हाफचड्डी घातलेली पोर्शे आली.

रेडियमवाला, शाहूपुरी
मी हेच काम करतो म्हणून बोलतो. कोल्हापूरजवळ कार्टिंगचा ट्रॅक आहे हे तुम्हाला माहीतच आहे, तिथली पोरं माझ्याकडं कार्ट घेऊन येतात. आजवर एकानंही ‘लिव्हरी’ म्हटलेलं नाही. ‘काका, रेडियम मारून द्या.’ बास. खरं तर रेडियमचा त्यात कणही नसतो, व्हिनाइलची शीट असते. कधीकाळी अंधारात चमकणारे स्टिकर आले, नाव चिकटलं ते चिकटलं. नंबरप्लेट रेडियम, देवाचं नाव रेडियम, ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ पण रेडियम. शीट लावताना हीटगननं गरम करायची, प्लॅस्टिकच्या पट्टीनं मधून कडेला फुगे काढत जायचं. बंपरच्या गोलाईवर ताणली की पांढरी पडते, मग गिऱ्हाईक बोंबलतं.
गेल्या वर्षी एक पोरगं मोपेड घेऊन आलं. फिकट निळा आणि मधे नारिंगी पट्टा पाहिजे, म्हणाला ‘गल्फ मारा’, म्हणजे गल्फ तेल कंपनीचे रंग. मी त्याच रंगातली १९६८ आणि ६९ ची फोर्ड जीटी ४० बघितलेली, दोन्ही वर्षं तीच एक गाडी ल माँ जिंकलेली, त्यामुळं मन लावून केलं. संध्याकाळी त्याचे आजोबा दुकानात हजर. “ह्यो कुठल्या तालमीचा रंग? आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या एकाच तालमीचं हाय, पोरानं पेठेत नाक कापलं!” कसंबसं समजावून धाडलं.

उद्यमनगर ३२
😂 तालमींच्या फुटबॉलच्या सीझनला ती मोपेड घेऊन पेठेत जाऊ नको म्हणावं.

निवृत्त मास्तर
ह्या आजोबांना ‘लिव्हरी’ तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त कळली. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘दिलेलं’. धन्यानं चाकरांना वर्षाकाठी दिलेले कपडे. ते अंगावर असले की माणूस कोणाच्या पदरी आहे हे लांबून कळायचं. रंग आवडीचा नसतो, रंग निष्ठेचा असतो. आणि याला आपल्याकडे शब्द तयार आहे: शिरपाव. दरबारात मानाची वस्त्रं देत, तो शिरपाव. ‘पोर्शेचा गुलाबी शिरपाव’ वाचा आणि सांगा कानाला कसं लागतं.

दर्यावर्दी
कानाला छान लागतं, पण मास्तर, तुम्ही तर शुद्धिवादी. शिरपाव फारसी हो! ‘सर-ओ-पा’, डोक्यापासून पायापर्यंत. ‘शिर’ आणि ‘पाव’ असं आपण नंतर कानाला बरं वाटेल तसं बसवून घेतलं. शिवकाळात फारसी शब्दांना पर्याय देणाऱ्या राज्यव्यवहारकोशवाल्यांनी पहिल्या झटक्यात हाकलला असता. आणि तुम्ही ज्याला शर्यत म्हणताय तीही अरबी ‘शर्त’. इंग्रजीला दारातच अडवायचं आणि फारसीला ओसरीवर पान द्यायचं, हा कुठला न्याय?

निवृत्त मास्तर
तीन-चारशे वर्षं ओसरीवर बसलेला माणूस घरचा होतो. तुमची ‘लिव्हरी’ काल आली आणि आज सातबाऱ्यावर नाव मागते.

कडकलक्ष्मी
मास्तर, शिरपाव पराक्रम केल्यावर मिळतो. इथं तर शर्यतीआधीच रंग लागतो, आणि तो स्पॉन्सरनं पैसे भरले म्हणून. शिवाय आता शिरपाव उपहासानंच जास्त वापरतात, ‘काय शिरपाव मिळाला’ म्हणजे बोलणी खाल्ली.
मी म्हणेन साज. साज चढवणं. सोपं, गोड.

रेडियमवाला, शाहूपुरी
ताई, कोल्हापुरात साज म्हटलं की २१ पानांचा, सोन्याचा, गळ्यातला. ‘फेरारीचा साज’ लिहिलंत तर लोक गुजरीत भाव विचारायला जातील.

कागलचा बेंदूर
झूल की ओ. इतका इच्यार कशाला? बेंदराला बैल धुतो, शिंगं तासतो, हिंगूळ लावतो, बेगड चिटकवतो, कपाळाला बाशिंग, पाठीवर झूल. झूल बगून गाव सांगतंय बैल कुणाचा. आमच्या आज्याची झूल हिरवी, कडंला आरसं, मधी आजीनं टाचल्याला मोर. चार गल्ल्या पलीकडनं माणूस म्हणायचा, आली बगा अमक्याची जोडी. आन आमच्याकडं कर्नाटकी बेंदूर असतोय, जेष्ठी पुनवंला. तुमचं ते ल माँ पन जूनमदीच की. २०२५ ला दोन्ही एकाच आठवड्यात आलं. पोरगं मोबाइलवर गाड्या बगत शिंगं रंगवत हुतं, एका शिंगाला पिवळा लागला आन एकाला तांबडा.

पिटलेनचा पाहुणा
काका, पोरगं बरोबर होतं! २०२५ ला जिंकलेली ८३ नंबरची फेरारी पिवळी, आणि फेरारी कंपनीच्या स्वतःच्या टीमच्या दोन, ५० आणि ५१, तांबड्या. तिन्ही गाड्या एकच, ४९९पी, फक्त झूल वेगळी. चला, ‘झूल’ मला आवडायला लागलाय.

उद्यमनगर ३२
झूल काढता येते. रेडियम काढायला गेलं की खालचा रंग येतो. दोन्ही एक न्हाई.

कडकलक्ष्मी
आणि ‘झूल पांघरणे’ म्हणजे मराठीत सोंग घेणं. ‘समाजसेवेची झूल पांघरून’ वगैरे. बिचाऱ्या पोर्शेनं काय केलंय?

दर्यावर्दी
पोर्शेनं सोंगच तर केलं! १९७१ ची ९१७/२० आठवा. गाडी रुंद आणि गुबगुबीत, म्हणून सरळ डुकराचा गुलाबी रंग देऊन टाकला. वर खाटकाच्या तक्त्यासारख्या तुटक रेषा आणि प्रत्येक तुकड्यावर जर्मनमध्ये मांसाच्या भागाचं नाव. लोक हसले. २०१८ ला तोच रंग ९११ आरएसआरवर लावला आणि ती गाडी आपल्या वर्गात जिंकली.

उद्यमनगर ३२
म्हणजे मराठीत करायचं तर चाप, नळी, सीना, फरा. आमच्या कोपऱ्यावरच्या मटणाच्या दुकानात भिताडावर बोकडाचं असंच चित्र हाय, पेंटरनं काढल्यालं. बोकड जरा हसतोय.

कडकलक्ष्मी
त्या बोकडाची लिव्हरी कुणी ठरवली विचारा 😂

निवृत्त मास्तर
विषय मटणावर गेला म्हणजे कोल्हापूरकर जमले. मूळ प्रश्न अजून तसाच आहे.

पिटलेनचा पाहुणा
मटणावरून आठवलं. माझ्याच लेखात आणखी एक अडलंय, ‘सिस्टर कार’. एकाच टीमच्या दोन गाड्या. ‘भगिनी गाडी’ लिहिलं तर महिला मंडळाची वाटते.

उद्यमनगर ३२
भावकी. ह्यात चर्चा नगो. एकाच घरातल्या, आडनाव एक, आन सगळ्यात जास्त भांडाण एकमेकांत. ती पिवळी आन तांबडी २०२५ ला लई येळ एकमेकीच्या मागं हुती. बांधावरनं भांडल्यागत.

दर्यावर्दी
हा शब्द घ्यायला हरकत नाही. ‘भावकीतल्या ८३ नं बाजी मारली आणि ५० शर्यतीनंतरच्या तपासणीत बाद झाली.’ खरंच झाली होती, चौथी येऊनही. मागच्या पंखाच्या आधाराचे बोल्ट जागेवर नव्हते.

उद्यमनगर ३२
बोल्टवर बोलू का? मी आयुष्यभर तेच केलंय. २४ तासाच्या हादऱ्यात बोल्ट सैल हुनारच, म्हणून लॉकनट असतो, वायर असती. आमच्या शॉपमधी पण एकदा पंपाच्या बेडचं चार बोल्ट आवळायचं एका पोराकडनं राहिलं. टेस्टला लावला, सुरू केला, आन पंप उड्या मारत दारापतोर गेला. मालकानं विचारलं, कुणी आवळलं? सगळे गप. मग मालकानं काय केलं, पंप तिथंच बंद करून सगळ्यांना उभं केलं आन प्रत्येकाकडनं एकेक बोल्ट आवळून घेतला. माज्याकडनं पन.

कडकलक्ष्मी
ही झाली खरी स्टुअर्डची शिक्षा.

पिटलेनचा पाहुणा
शिक्षा की दंड? हेही राहिलंय. ‘दंड’ म्हटलं की वाचक पैसे समजतो. सेकंदांची शिक्षा वेगळी, पिट लेनमधून, म्हणजे गाड्या टायर-इंधनासाठी आत घेतात त्या गल्लीतून, हळू जायला लावणं वेगळं, थांबवून ठेवणं वेगळं. आणि दार उघडं राहिलं म्हणून २०२४ ला ५० नंबरला काळा झेंडा नारिंगी ठिपक्यासह दाखवला, ती तर शिक्षाच नव्हे. ‘आत ये, दार लाव आणि जा’ एवढंच. तीच गाडी पुढं जिंकली, १४ सेकंदांनी.

रेडियमवाला, शाहूपुरी
दार उघडं ठेवून २४ तासांची शर्यत जिंकणं! आमच्या वडापच्या जीपमध्ये रोजचं आहे ते.

निवृत्त मास्तर
‘एन्ड्युरन्स’ला काय लिहिलंत? ‘सहनशक्ती शर्यत’ लिहिलं असेल तर आत्ताच खोडा. सहनशक्ती सुनेची असते. शर्यत दमाची.

दर्यावर्दी
दम गाडीचा की माणसाचा? २०१६ ला ड्रायव्हर नाकाजिमाच्या टोयोटाचा दम शेवटच्या तीन-चार मिनिटांत संपला, माणूस ठणठणीत होता. आणि २००९ ला नारायण कार्तिकेयनचं उलटं. शर्यत सुरू व्हायच्या आधी पिटच्या भिंतीवरून पडून खांदा निखळला, गाडी त्याच्याशिवाय गेली. ल माँमध्ये पळणारा पहिला भारतीय होण्याचा मान मग २०१२ ला करुण चंढोकनं घेतला.

पिटलेनचा पाहुणा
मंडळी, ताजी बातमी. अंकाचा मजकूर डीटीपीला दिला होता, आज प्रूफ आलं. मी वैतागून शेवटी ‘लिव्हरी’च ठेवला होता. ऑपरेटरनं तो चुकीचा समजून सगळीकडं सुधारलाय. आता लेखात ‘पोर्शेची गुलाबी डिलिव्हरी’, ‘गल्फची प्रसिद्ध निळी-नारिंगी डिलिव्हरी’ आणि ‘डिलिव्हरी बघून गाडी ओळखता येते’ अशी वाक्यं आहेत. बायको दुसऱ्यांदा चहा सांडून बसलीय.

निवृत्त मास्तर
त्या मुलाला माझ्याकडून शिरपाव द्या. दोन्ही शब्द एकाच मुळाचे, ‘सोपवणे, हाती देणे’. न शिकता व्युत्पत्तीपर्यंत पोचला.

कडकलक्ष्मी
मग तसंच छापा की!

पिटलेनचा पाहुणा
छापतो. पण स्टुअर्डचं अजून ठरलं नाही हो. प्रूफ उद्या दुपारी परत द्यायचंय.

कागलचा बेंदूर
रेडियमवालं, एक इच्यारायचं हुतं. छकड्याच्या दोन्ही बाजूला ते गल्फचं करून मिळंल का? पावसात टिकंल असं पायजे. बैल एक पांढरा, एक काळा हाय.

रेडियमवाला, शाहूपुरी
टिकतंय की. लाकडाला आधी प्रायमर मारून आणा, कोऱ्या लाकडावर शीट धरत नाही. फळीची लांबी-रुंदी सुतळीनं मोजून कळवा, आणि पांढरा बैल कुठल्या बाजूला जुंपता तेपण सांगा.