'जनुकीय चाचणी': पण कोणाच्या जनुकांची?

दुरेघी_वही: पोल्ट्रीवाल्यांसाठी एक पत्रक मराठीत करतोय. कोंबडीच्या गुदद्वाराचा स्वॅब घ्यायचा, त्यात साल्मोनेला या जिवाणूचा डीएनए आहे का ते बघायचं, निकाल काही तासांत. मी लिहिलं, 'कुक्कुटांमधील जिवाणू संसर्गाची शीघ्र जनुकीय चाचणी'. मावसभावाच्या दोन शेड आहेत, त्याला वाचायला दिलं. म्हणाला, "कोंबडीची जात कशाला तपासायची? हॅचरीवाल्यानं सांगितलीय की." काय लिहू?

शेडवाला: मावसभावाला शंभर मार्क. आम्ही सरळ 'आरटीपीसीआर' म्हणतो. कोविडनंतर शेडवरच्या गड्यालाही कळतं.

भाषाव्रती: कळतं म्हणून मराठी होत नाही. 'जनुकाधारित त्वरित रोगनिदान' यात अडचण काय? आणि 'जिवाणू' नव्हे, 'जीवाणू'. जीव दीर्घच.

पेट्रीबशी: लॅबमध्ये काम करते म्हणून बोलते. आरटीपीसीआर नको. ते कोरोनासारख्या आरएनए विषाणूंसाठी, तिथे आधी आरएनएपासून डीएनए बनवावा लागतो. साल्मोनेलात डीएनए असतोच, नुसतं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणं) पुरतं. आम्ही बहुतेकदा 'इन्व्ह-ए' हे जनुक शोधतो, ते जंतूचं, कोंबडीचं नव्हे. म्हणून 'जंतूंची डीएनए तपासणी' लिहा.
'रोगनिदान' तर अजिबात नको. मेलेल्या जंतूचाही डीएनए सापडतो. औषधाचा कोर्स झाल्यावर पॉझिटिव्ह आलं तर लागण अजून आहेच असं नाही. उलट धडधाकट दिसणारी कोंबडी वाहक असू शकते.

शेडवाला: आणि 'शीघ्र' वाचून लोक पट्टीवर पंधरा मिनिटांत दोन रेघा शोधतील.

पेट्रीबशी: हो ना! कल्चरला, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघायला, साल्मोनेलासाठी चार-पाच दिवस जातात, सीआरडीचा (कोंबड्यांच्या जुनाट श्वसनरोगाचा) जिवाणू मायकोप्लाझ्मा तर कधी तीन आठवडे वाढत बसतो. त्या मानाने शीघ्र.

उसाचं_बेट: 'लागण' म्हणालात म्हणून. आमच्या सांगलीकडे लागण उसाची. आडसाली लागण, सुरू लागण. 'शेडात लागण झाली' म्हटलं की आमचे तात्या विचारतील, बेणं कुठलं?

भाषाव्रती: म्हणूनच 'संसर्ग'. प्रमाण शब्द असा गोंधळ करत नाहीत.

शेडवाला: प्रमाण शब्दाने गोंधळ होत नाही, कारण तो कोणी वाचतच नाही. पत्रकात 'पांढरी हगवण' लिहा, पिल्लांच्या पुलोरमला, साल्मोनेलाच्याच रोगाला, सगळे तेच म्हणतात.

भाषाव्रती: छापील कागदावर 'हगवण'? 'श्वेत अतिसार' म्हणता येईल.

शेडवाला: पिल्लं शेपटीखाली पांढरी चिकटलेली दिसतात साहेब. ती अतिसार करत नाहीत, हगतात.

उसाचं_बेट: 😂 एक शंका. साल्मोनेला हा सामन माशावरून ना?

पेट्रीबशी: नाही, डॅनियल सॅल्मन या पशुवैद्यावरून. १८८५ मध्ये जंतू वेगळा काढला त्यांचा सहायक थिओबाल्ड स्मिथने, तोही डुकरातून. नाव साहेबांचं लागलं.

भाषाव्रती: आपल्याकडच्या कोंबड्यांच्या रोगाला मात्र राणीखेत गावाचं नाव लागलं.

शेडवाला: तुमच्यासाठी राणीखेत, आमच्यासाठी मानमोडी.

पेट्रीबशी: ती विषाणूची आहे, इथे विषय जिवाणूंचा चाललाय.

जुनी_पेटी: मानमोडी! आजी १९१८ च्या तापाला मानमोडी म्हणायची. माणसांची कोंबड्यांना गेली की उलट?

शेडवाला: कोंबडीची मान खरंच पिळवटते. माणसाची कुठे मोडायची?

जुनी_पेटी: ताप उतरल्यावरही मान धरवत नसे, म्हणून. असं आजीचं म्हणणं.

भाषाव्रती: ही लोकव्युत्पत्ती झाली. १९१८ आधीचा छापील दाखला आहे का कोणाकडे?

दुरेघी_वही: पत्रक सोमवारी छापायला जायचंय हो.

उसाचं_बेट: आमच्या तात्यांच्या मते मानमोडी जनावरांनाही होते. उद्या विचारून सांगतो.