खुराक कधी वाढवायचा?

मेंढी गाभण राहिली की लगेच खुराक वाढवा, असा सल्ला दिला जातो, तो काही पटला नाही. पोटातल्या कोकराची जवळपास 70 टक्के वाढ शेवटच्या 6 आठवड्यांत होते. त्याआधी मेंढ्या लठ्ठ केल्या तर दाणा वाया जातो, आणि विताना अडतात ते वेगळंच. हां, कळपात नर सोडण्याआधी 2-3 आठवडे मात्र खुराक वाढवा, जुळी जास्त मिळतात.

मेंढी लठ्ठ की खंगलेली हे ठरवताना नुसत्या नजरेवर जाऊ नका, लोकर फसवते. कमरेवर बोटं दाबून मणका चाचपा: टोकं टोचली तर मेंढी खंगलेली, हाताला लागलीच नाहीत तर फाजील चरबी. जुळी असली की गाभणपणाच्या शेवटी पोटात वैरणीला जागा उरत नाही, तेव्हा थोडा पण कसदार भरडा द्या. कोकरांना 2 आठवड्यांपासून वेगळा दाणा, आया शिरणार नाहीत अशा कप्प्यात.